सभेत गप्प बसणारी माणसे



प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक मंडळात काही माणसे अशी असतात की ती वेळेवर येतात, मागच्या चटईवर बसतात, प्रार्थनेला हात जोडतात आणि सभा संपली की आल्या पावली निघून जातात. वहीत त्यांची हजेरी लागते, पण त्यांचे मत कुठेच लागत नाही. आज त्यांच्याविषयी थोडा विचार करू या.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आम्ही प्रार्थना-शिबिराची तारीख ठरवायला बसलो होतो. तीन-चार जण बोलले. नेहमीचेच तीन-चार, त्यांत मीही एक. "आणखी कोणाला काही सांगायचे आहे का?" असे मी विचारले आणि कोणी तोंड उघडण्याच्या आत "मंजूर" म्हणून वही मिटली. शिबिराच्या दिवशी निम्म्या चटया रिकाम्या! दोन पाड्यांवरची घरेच्या घरे ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. मागे बसणाऱ्या एका बाईंना हे आधीच ठाऊक होते, कारण त्यांच्याच दिराने मुकादमाकडून उचल घेतली होती. नंतर त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "मला कोणी विचारलं नाही." मी विचारले होते, पण सगळ्यांना. त्यांना नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात (७:३१-३७) एका बहिऱ्या व तोतऱ्या माणसाला लोक येशूकडे आणतात. प्रभू त्याला गर्दीसमोर उभे करून "बोल" असे म्हणत नाही. तो त्याला लोकांपासून बाजूला घेतो. आधी त्याच्या कानांत बोटे घालतो, मग जिभेला स्पर्श करतो. म्हणजे आधी ऐकणे, मग बोलणे. आणि तो जो शब्द उच्चारतो, 'एफ्फाथा', तो त्या लोकांच्या घरच्या अरामी भाषेतला आहे. मार्कने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले, तरी हा शब्द मात्र जसाच्या तसा ठेवला. बाप्तिस्म्याच्या उपासनाविधीतही कान व ओठ उघडण्याची ही प्रार्थना आहे.

ही घरच्या भाषेची गोष्ट आपल्याला फार लागू पडते. अक्कलकुवा तालुक्यात कोणाच्या घरी देहवाली बोलतात, कोणाच्या नोइरी, कोणाच्या पावरी. सभा मात्र मराठीत, तीही पुस्तकी मराठीत. मग जो तरुण काठीच्या होळीत रात्रभर ढोल वाजवतो, तोच तरुण मंडळाच्या बैठकीत मान खाली घालून बसतो. आपण म्हणतो, तो लाजाळू आहे. तो लाजाळू नाही, परक्या भाषेत बसला आहे. "तुमच्या बोलीत सांगा, कोणीतरी मराठीत सांगेल" एवढे एक वाक्य सभेच्या सुरुवातीला म्हणून पाहावे.

दुसरी अडचण आपण कधी बोलून दाखवत नाही. पाड्यावरच्या प्रार्थनासभेत बायबल हातोहात फिरते आणि प्रत्येकाने एकेक ओवी वाचायची असते. ज्याला वाचता येत नाही, तो पहिल्या वेळी चष्मा विसरल्याचे सांगतो, आणि दुसऱ्या वेळी येतच नाही. आपल्याला वाटते, त्याचा विश्वास थंड झाला! दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने लहान ख्रिस्ती समूहांसाठी सात पायऱ्यांची जी पद्धत तयार केली, तिच्यात यावर चांगला उपाय आहे. उतारा एकजणच मोठ्याने वाचतो. मग मनाला भिडलेला एखादा शब्द ज्याला हवा त्याने मोठ्याने उच्चारायचा, मध्ये शांत राहायचे, पुन्हा उच्चारायचा. त्यासाठी अक्षर-ओळख लागत नाही, भाषणही लागत नाही. ज्या आजीने कधी पाटी धरली नाही, तीही 'भाकर' किंवा 'भिऊ नका' म्हणू शकते.

रोममध्येही हेच शिकावे लागले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेल्या सिनॉडची दोन अधिवेशने ऑक्टोबर २०२३ व ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. त्यांत कार्डिनल, बिशप, सिस्टर, प्रापंचिक स्त्री-पुरुष गोल टेबलांभोवती एकत्र बसले. प्रत्येकाने आळीपाळीने बोलायचे, मध्येच कोणी तोडायचे नाही, मग काही वेळ मौन. दुसऱ्या फेरीत स्वतःचे मत पुन्हा मांडायचे नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातले काय मनाला लागले ते सांगायचे. तिसऱ्या फेरीत सर्वांनी मिळून पुढची दिशा शोधायची. आमच्यासारख्या बोलक्यांना दुसरी फेरी सर्वांत जड जाते, कारण तिच्यासाठी आधी ऐकलेले असावे लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. गप्प माणसाला भर सभेत "तुम्ही का बोलत नाही?" असे विचारणे म्हणजे त्याला गर्दीत उभे करणे. तो पुढच्या रविवारपासून येणार नाही. काहींचा स्वभावच अबोल असतो, तो आजार नव्हे. संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. मोशेने जीभ जड असल्याचे सांगितले, तेव्हा देवाने त्याला वक्ता बनवले नाही, अहरोनाला सोबत दिले (निर्गम ४:१०-१६). म्हणून सभेच्या आधी दोघांनी त्यांच्या अंगणात जाऊन बसावे, विषय सांगावा, आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांचे म्हणणे सभेत पोहोचवावे. अचानक गप्प झालेल्याकडे तर नक्की जावे. घरात दारू, कर्ज किंवा दुखणे असू शकते, आणि ते सभेत बोलायचे विषय नसतात.

आणखी एक. अबोल माणसांना आपण नेहमी झाडलोट, पाणी आणि स्वयंपाकच देतो. ती कामे पवित्र आहेत यात शंका नाही, पण मग बोलक्यांनीही कधीतरी पातेली घासावीत. हिशेबाची वही, आजाऱ्यांच्या भेटी, वेदीची तयारी, मुलांना गाणी शिकवणे ही कामे शांत माणसे फार मन लावून करतात.

शिबिराचे पुढे काय झाले, असे कोणी विचारेल. दुसऱ्या वर्षी तारीख ठरवण्याआधी आम्ही दोघे त्या बाईंच्या पाड्यावर गेलो. त्या हातपंपावर पाणी भरत होत्या. हंडा भरेपर्यंत आम्ही थांबलो. त्यांनी हंडा खाली ठेवला, बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "होळीला सगळे घरी येतात. त्याच्या नंतरचा रविवार धरा."

आम्ही तोच धरला.