सृष्टींतील सहभोजी

सृष्टींतील प्राण्यांचे परस्परसंबंध म्हणजे केवळ झगडा, अशी सामान्य समजूत आहे. सापानें बेडूक गिळावा, घारीनें उंदीर उचलावा, लांडग्यानें मेंढरूं पळवावें, असे प्रसंग डोळ्यांत भरतात आणि स्मरणांत राहतात. परंतु याच सृष्टींत असेही पुष्कळ संबंध आहेत कीं ज्यांत कोणी कोणास मारीत नाहीं. कांहीं ठिकाणीं दोघेही एकमेकांच्या उपयोगीं पडतात; यास परस्परोपकार म्हणतात. कांहीं ठिकाणीं एक दुसऱ्याच्या अंगावर पोसला जाऊन त्यास क्षीण करतो. ही परोपजीविता होय. या दोहोंच्या मध्यें तिसरा एक प्रकार आहे. त्यांत एकाचा लाभ होतो, आणि दुसऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं व सुधारतही नाहीं. यास सहभोजिता हें नांव आहे. या तिसऱ्या प्रकाराचाच विचार आपण येथें करूं.

बेल्जम देशांतील प्राणिशास्त्रज्ञ प्येर-जोसेफ व्हान बेनेदेन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा प्रकार परोपजीवितेपासून निराळा काढून दाखविला. सहभोजी व परोपजीवी प्राण्यांवरील त्यांचा ग्रंथ १८७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं योजलेल्या नांवाचा मूळ लॅटिन अर्थ ‘एका मेजावर जेवणारा’ असा आहे. आपल्याकडे मेजाऐवजीं पंगत असते. तेव्हां ‘एका पंक्तीचा’ असें म्हटलें म्हणजे अर्थ मनांत चटकन् ठसतो. यजमान आपल्या भुकेपुरतें जेवीत असतो, आणि त्याच्या पानाबाहेर जें पडतें त्यावर पाहुण्याचें भागतें.

व्हान बेनेदेन यांचीं पुष्कळशीं उदाहरणें समुद्रांतील आहेत, आणि सोलापूर तर समुद्रापासून दूर. तथापि पावसाळ्यांत शहराबाहेर होटगीच्या किंवा अक्कलकोटच्या रस्त्यानें जाणाऱ्यास हा प्रकार समक्ष पाहावयास मिळतो. मृगाच्या सरी पडून माळावर गवत उगवलें म्हणजे गुरें चरावयास येतात, आणि त्यांच्या पायांशीं पांढरे बगळे चालूं लागतात. हाच गायबगळा. याची चोच पिवळी व मान आंखूड असते, आणि विणीच्या दिवसांत डोकें, मान व पाठ यांवर केशरी-पिवळी छटा येते. मासळीपेक्षां नाकतोडे, रातकिडे व माशा हेंच याचें मुख्य अन्न. आतां नाकतोडा गवतांत निश्चल बसला तर तीक्ष्ण दृष्टीच्या पक्ष्यासही तो दिसत नाहीं. परंतु खिलार बैल गवतांत पाऊल टाकतो, मान खालीं घालून गवत ओढतो, आणि दडलेले नाकतोडे उडूं लागतात. तेवढ्यांत बगळ्याची चोच आपलें काम करते. बैलास या शिकारीची वार्ताही नसते. शास्त्रज्ञांनीं या पक्ष्यास पूर्वीं ‘बुबुल्कस’ असें नांव दिलें होतें. त्याचा अर्थ गुराखी. मात्र खरा गुराखी गुरांस हांकतो, आणि हा गुरें नेतील तिकडे जातो.

या सोबतीनें बगळ्यास किती लाभ होतो, याचेंही मोजमाप झालेलें आहे. १९६५ सालीं हॅरल्ड हीटवोल यांनीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांवरून, गुरांबरोबर चरणाऱ्या बगळ्यास एकट्या बगळ्यापेक्षां सुमारें दीडपट भक्ष्य मिळतें, आणि श्रम मात्र दोन-तृतीयांशच पडतात, असें दिसून आलें. कोणी म्हणेल कीं, बगळा गुरांच्या अंगावरील गोचीड खातो, तेव्हां हा परस्परोपकारच कां म्हणूं नये? शंका रास्त आहे. परंतु बगळ्याच्या पोटांतील अन्न तपासून पाहतां त्यांत नाकतोड्यांसारख्या कीटकांचाच भरणा आढळतो. गोचीड क्वचित् सांपडतात. म्हणून या नात्यास सहभोजिता हेंच नांव शोभतें.

गुरांच्या पाठीवर बसून जाणारा दुसरा पक्षी म्हणजे कोतवाल. रंग काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली. गुरांच्या पायांखालून उडालेला किडा हा हवेंतच टिपतो. येथवर तोही बगळ्यासारखाच पाहुणा होय. पण उन्हाळ्याच्या अखेरीस त्यानें बाभळीवर किंवा लिंबावर घरटें बांधलें म्हणजे त्याचा अधिकार बदलतो. घरट्याजवळ कावळा किंवा घार आली कीं हा आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रूवर तुटून पडतो व त्यास दूरवर पिटाळून लावतो. हें ओळखून होले, बुलबुल, हळद्या असे गरीब पक्षी त्याच झाडावर आपलीं घरटीं करतात. कोतवाल आपल्या पिलांसाठीं पहारा करतो. त्या पहाऱ्यांत शेजाऱ्यांचींही अंडीं वांचतात. एकच पक्षी माळावर पाहुणा आणि झाडावर यजमान!

परंतु पाहुणा निरुपद्रवी आहे हें गृहीत धरून चालत नाहीं. तें पाहून ठरवावें लागतें. पक्ष्याच्या विष्ठेंतून वडाचें बीं एखाद्या झाडाच्या बेचक्यांत पडतें व रुजतें. प्रथम तें रोप त्या झाडाचा रस शोषीत नाहीं. केवळ उभें राहावयास जागा घेतें. पुढें त्याचीं मुळें जमिनीस पोंचतात, खोडाभोंवतीं वेढा घालतात, वर पानांचा विस्तार ऊन अडवितो, आणि कालांतरानें यजमान झाड वाळून जातें. उंदराचेंही तसेंच. माणसाच्या घरांतील सांडलेलें धान्य खाणारा हा पुरातन सहभोजी. पण १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, आणि १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ यांनीं कराचींत प्रयोग करून, उंदरावरील पिसूच हा रोग पसरविते असें दाखविलें. दाणे टिपणाऱ्या पाहुण्यानें बरोबर काय आणलें होतें, हें तेव्हां कळलें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. यजमानाचें पाहुण्यावांचून अडत नाहीं. पाहुण्याचें मात्र यजमानावांचून अडतें. आपल्या जिल्ह्यांत बैलाच्या नांगराची जागा पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरनें घेतली आहे. गायबगळा तेव्हां ट्रॅक्टरच्या मागें चालूं लागला, आणि उलटलेल्या ढेंकळांतील किडे वेंचूं लागला. यजमान बदलण्याची ही हातोटी त्यास जगभर उपयोगी पडली आहे. मूळचा जुन्या जगांतील हा पक्षी १८७७ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर दिसला, आणि माणसानें वाढविलेल्या गुरांच्या आश्रयानें पसरत १९५३ सालीं फ्लॉरिडांत घरटीं करूं लागला. परंतु यजमान बदलतां आला तरी पानांत वाढलेलें अन्न बदलतां येत नाहीं. माळ मोडला, गायरान उरलें नाहीं, कीटकांवर विषाची फवारणी झाली, तर बैल असो वा ट्रॅक्टर, बगळ्यास खावयास काय उरणार? नान्नजच्या माळाचें उदाहरण समोर आहे. माळढोकासाठीं १९७९ सालीं तेथें अभयारण्य झालें. तरीही हा गवताळ माळावरच जगणारा मोठा पक्षी आतां तेथें क्वचितच दृष्टीस पडतो. तो कोणाचा सहभोजी नव्हे. पण नाकतोड्यांचें जें ताट बगळ्याचें, तेंच त्याचेंही.

विद्यार्थीमित्रांनीं हें सर्व केवळ वाचून सोडूं नये. पावसाळ्यांत एके सकाळीं वही व घड्याळ घेऊन माळाच्या कडेस बसावें. गुराच्या पायांशीं चालणारा एक बगळा निवडून, दहा मिनिटांत तो किती पावलें टाकतो व किती वेळां चोच मारतो, तें लिहावें. नंतर गुरांपासून दूर असलेल्या बगळ्याचेंही तसेंच टिपण करावें. असे दहा-बारा बगळे पाहून झाले म्हणजे दोन्ही रकाने शेजारीं मांडावे. मग गुरांच्या सोबतीनें बगळ्यास काय मिळतें, याचें उत्तर सोलापूरच्या माळानेंच दिलेलें असेल.