संगीन आणि तिची हकीकत

पुण्याच्या शुक्रवार पेठेंत राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आहे. तेथील दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यें व शस्त्रें पाहतांना, एका माणसाच्या हौसेनें केवढें काम होऊं शकतें याचें आम्हांस नवल वाटतें. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं या संग्रहास बालवयांत निवर्तलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाचें नांव दिलें. त्यामुळें दारांतच आपणांस कळतें कीं, वस्तूमागें माणूस असतो. वस्तूंचा नुसता ढीग म्हणजे संग्रह नव्हे. वस्तूबरोबर तिची हकीकतही राखिली, तरच तो संग्रह होय. ही गोष्ट संगिनीसारख्या एका लहान शस्त्राच्या उदाहरणानें आपण येथें समजून घेऊं.

संगीन म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोंकाशीं बसवावयाचें पातें. सतराव्या शतकांतील पहिल्या संगिनींची मूठ नळीच्या तोंडांतच खुपसावी लागे. त्यामुळें संगीन चढविली कीं गोळी झाडतां येत नसे. १६८९ सालीं स्कॉटलंडमध्यें किलिक्रँकीच्या लढाईंत हा दोष सरकारी फौजेस फार महाग पडला. पुढें नळीभोंवतीं बसणारी संगीन निघाली, आणि एकाच शिपायाच्या हातीं बंदूक व भाला हीं दोन्हीही आलीं. पुण्यास वानवडी येथें ज्यांची छत्री आहे, त्या महादजी शिंद्यांनीं डी बॉइनकडून जीं कवायती पलटणें तयार करविलीं, त्यांतील शिपायांपाशींही संगिनीच्या बंदुका होत्या.

तलवार कोणाच्याही हातांत चालते. संगीन मात्र ठराविक बंदुकीलाच बसते. बंदूक बदलली कीं संगीन निरुपयोगी होते, किंवा तिचें रूप पालटावें लागतें. हिंदी सैन्यांत चालणाऱ्या १९०७ सालच्या नमुन्याच्या संगिनीचें पातें १७ इंच लांब असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तें लांब वाटूं लागलें, तेव्हां हिंदुस्थानांत सुमारें १२ इंचांचीं पातीं होऊं लागलीं व कांहीं जुनीं पातीं कापून आंखूड करण्यांत आलीं.

हीच गोष्ट दूर उत्तरेकडील नॉर्वे देशांत अधिक स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच त्या देशाच्या युद्धोत्तर संगिनी जमविणारे हौशी लोक आहेत. नॉर्वेनें १८९४ सालीं क्रॅग-योर्गेन्सन ही स्वतःची बंदूक स्वीकारली व तिच्यासाठीं संगीन केली. ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मनीनें त्या देशावर स्वारी केली. मे १९४५ मध्यें तो मुक्त झाला. शत्रूनें मागें टाकलेल्या मौझर बंदुका नॉर्वेच्या सैन्यानें वापरावयास घेतल्या. १९४९ सालीं तो देश नाटो संघांत सामील झाला व त्यास अमेरिकेच्या बंदुका मिळूं लागल्या. तेव्हां क्रॅगच्या कांहीं जुन्या संगिनींचा मुठीकडील भाग बदलून त्या अमेरिकन कार्बाइनला बसतील अशा करण्यांत आल्या. पातें जुनें, जोड नवी! गरीब झालेल्या पण पुन्हां उभ्या राहणाऱ्या राष्ट्राची काटकसर त्या लोखंडावर अशी उमटली आहे.

आतां एखाद्यानें अशी संगीन घांसूनपुसून चकचकीत केली, तर काय होईल? कारखान्याची खूण, अनुक्रमांक व कानशीचे ओरखडे सर्व नाहींसे होतील. उरेल तें केवळ लोखंड. म्हणून संग्राहकाचा पहिला नियम असा कीं, खुणा पुसूं नयेत. पातें मऊ कापडानें कोरडें करून त्यास थोडें तेल लावावें. धार मुळींच लावूं नये. दुसरा नियम असा कीं, प्रत्येक वस्तूचा एक कागद करावा. त्यावर लांबी, खुणा, ती कोणाकडून व केव्हां मिळाली हें लिहावें. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणूनच नोंदवावी.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. १९५९ च्या शस्त्र-कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांच्या शस्त्रांची जी यादी आहे, तींत संगिनीचें नांव स्पष्ट आहे. म्हणून कोणत्याही विद्यार्थ्यानें असें शस्त्र विकत घेऊं नये. घरांत जुनें असेल तर वडील माणसांनीं पोलिस ठाण्यांत विचारपूस करावी. चित्रें, मोजमापें व टिपणें यांचा संग्रह करण्यास मात्र कोणाची मनाई नाहीं.

पालकांसही आमची एक विनंति आहे. महाराष्ट्रांतील अनेक घरांतून आजे-पणजे दोन्ही महायुद्धांत गेले होते. एखाद्या ट्रंकेंत त्यांचें पदक, पट्टा किंवा पत्र अजून असेल. तें कोणाचें, कोठलें, कोणत्या सालचें हें सांगणारा घरांत कदाचित् एकच वृद्ध मनुष्य उरला असेल. लोखंड शंभर वर्षें टिकतें. आठवण तितकी टिकत नाहीं. तेव्हां, मुलांनो, येत्या सुटींत वही घेऊन त्या वृद्धापाशीं बसा आणि विचारा. संगीन माणसाच्या देहासाठीं घडविलेली असते, हें विसरून जो तिला केवळ शोभेची वस्तु समजतो, त्यास तिचा अर्थ कळलाच नाहीं. जो तिच्यामागील माणसाचें नांव शोधतो, तोच खरा संग्राहक होय.