भंगारांतील मोटारीस योग्य कपॅसिटर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) येथें चिकलठाणा व वाळूज अशा कारखान्यांच्या वसाहती असल्यामुळें आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास भंगारांत जुनी सिंगल फेज मोटार मिळणें अवघड नाहीं. कडबाकुट्टीस किंवा गोठ्याची टाकी भरण्यास ती उपयोगी पडते. परंतु अशा मोटारीची पाटी पुष्कळदां झिजलेली व कपॅसिटर नाहींसा झालेला असतो. अंदाजानें कपॅसिटर लाविल्यास वाइंडिंग जळतें आणि स्वस्ताचा सौदा महागांत पडतो. ऐन उन्हाळ्यांत हें घडलें तर जनावरें तहानेलीं राहतात. म्हणून हा विषय आम्ही येथें क्रमानें मांडीत आहों.

कपॅसिटर कशासाठीं? सिंगल फेज विजेनें एकट्या वाइंडिंगांत चुंबकत्व नुसतें मागेंपुढें होतें. त्यामुळें मोटार गुणगुणते, पण स्वतःहून फिरत नाहीं. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी आळीपाळीनें जोर लावितात, तेव्हां जातें सुरळीत फिरतें. तसेंच दुसरें वाइंडिंग कपॅसिटरमार्फत जोडलें म्हणजे त्याचा जोर पहिल्याच्या आधीं येतो व मोटार फिरूं लागते. खेड्यांत यासच कंडेन्सर म्हणतात.

आधीं सुरक्षितता. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्यें भार शिल्लक राहतो व त्याचा जबर धक्का बसतो. त्याचीं दोन्ही टोकें बल्बच्या होल्डरच्या तारांनीं जोडून भार उतरवावा. पेंचकसानें ठिणगी काढूं नये. नंतर दांडा हातानें मोकळा फिरतो कीं नाहीं तें पाहावें. प्रत्येक तार व मोटारीचें अंग यांच्यामध्यें मेगरनें पाहावें. एक मेगओहमहून कमी भरल्यास मोटार वीजेस जोडूं नये. मोटारीस अर्थिंग अवश्य करावें.

तारा ओळखणें. तीन तारांस क, ख, ग अशा चिठ्ठ्या बांधून दोन-दोन तारांमधील ओहम मोजावे. समजा, क-ख ४, ख-ग ९ व क-ग १३ भरले. सर्वांत मोठा आंकडा क-ग चा, म्हणून उरलेली ख ही सामाईक तार. ख-क हें कमी ओहमचें, म्हणजे बहुधा मुख्य वाइंडिंग. ख-ग हें सुरुवातीचें. न्यूट्रल ख ला व फेज क ला जोडावी आणि कपॅसिटर क व ग यांच्यामध्यें लावावा. चार तारा असल्यास दोन स्वतंत्र जोड्या निघतात. मोटार उलट फिरली तर सुरुवातीच्या जोडीचीं टोकें अदलाबदल करावीं.

दोन जाती. मोटार बंद पडतांना आंत 'टक्' असा आवाज झाला तर तींत बहुधा सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. अशीस मोठ्या मायक्रोफॅरडचा, कांहीं सेकंदच चालणारा सुरुवातीचा कपॅसिटर लागतो. तो कायम जोडून ठेविल्यास फुटतो. ज्या मोटारीस स्विच नाहीं, तिला ४४० व्होल्टचा कायम चालणारा कपॅसिटर लावावा.

आंकडा ठरविणें. पाटीवर आंकडा असल्यास तोच प्रमाण. नसल्यास अर्ध्या अश्वशक्तीच्या मोनोब्लॉक पंपास बहुधा १० व एका अश्वशक्तीस २० ते २५ मायक्रोफॅरड लागतात. लहान आंकड्यानें आरंभ करावा. मोटारीवर नेहमींचा भार ठेवून क्लॅम्प मीटरनें प्रवाह पाहावा व आंकडा थोडथोडा वाढवावा. मोटार तत्काळ उचल घेते आणि प्रवाह सर्वांत कमी राहतो, तो आंकडा योग्य. त्यापुढें वाढविल्यास वाइंडिंग तापतें. दोन कपॅसिटर समांतर जोडल्यास आंकड्यांची बेरीज होते: १० व १५ मिळून २५.

जुना कपॅसिटर पारखणें. मोटार चालू असतां कपॅसिटरच्या तारेंतील अँपिअरला ३१८३ नीं गुणून त्याच्या टोकांवरील व्होल्टनें भागावें. ५० हर्ट्झच्या विजेस मायक्रोफॅरड मिळतात. १.५ अँपिअर व ३०० व्होल्ट असतां सुमारें १६ येतात. वर २० छापलें असेल तर तो कपॅसिटर बदलावा. हें मोजमाप जाणत्या वायरमनकडूनच करवावें.

अर्धा तास भारावर चालविल्यावर अंगास हात ठेववत नाहीं इतकी मोटार तापली, किंवा जळका वास आला, तर ती तत्काळ बंद करावी. कपॅसिटर थोड्या पैशांत पुन्हां मिळतो. वाइंडिंग पुन्हां भरावयास पैसा तर लागतोच, पण कामाचे दिवसही जातात.