सर्व्हे नंबर आणि फाईलचं नाव

रत्नागिरी

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

डेटाबेसातल्या जमिनीच्या प्रत्येक नोंदीची वेगळी फाईल करायचं काम तुझ्याकडे आलं, याचा आनंद झाला. आज फक्त फाईलच्या नावाविषयी लिहितो. हे नाव चुकलं तर कुणाच्या तरी कलमांच्या बागेचा कागद हरवतो.

आपल्याकडे जमीन सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबराने ओळखतात, जसं ४५/१/२. डेटाबेसाला हा स्लॅश चालतो. अवतरणात घातलं तर टेबलाच्या नावातही चालतो. फाईलच्या नावात मात्र तो विंडोजवर चालत नाही आणि लिनक्सवरही नाही, कारण दोघेही त्याला फोल्डरची हद्द समजतात. विंडोजला शिवाय कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरण, उभी रेघही वर्ज्य.

मग चिन्ह काढूनच टाकावं असं वाटतं. ते करू नकोस. ४५/१/२ मधले स्लॅश काढले की ४५१२ उरतं आणि ४५१/२ मधला काढला तरी ४५१२च. दुसरी फाईल पहिलीवर लिहिली जाईल आणि एका खातेदाराची नोंद गुपचूप जाईल. स्लॅशच्या जागी अंडरस्कोर घातलास तरी ज्या मूळ नावात आधीच अंडरस्कोर आहे तिथे हाच घोळ.

नियम असा बांध की फाईलच्या नावावरून मूळ नाव हुबेहूब परत मिळेल. वर्ज्य चिन्हाऐवजी % आणि त्याचा चार अंकी संकेतांक लिही: स्लॅशसाठी %००४७. मूळ नावात % असेल तर त्यालाही %००३७ कर, नाहीतर उलट वाचताना गफलत होईल.

मराठी नावांना आणखी जप. कऱ्हाटेश्वर मधला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला नाही. असं नाव डेटाबेसात शिरतानाच एका रूपात आण. लिनक्सवर फाईलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हांत सगळं आलं. तेव्हा खातेदारांची नावं फाईलच्या नावात कोंबू नकोस.

त्या नावाची फाईल आधीच असेल तर प्रोग्राम थांबलाच पाहिजे. शेवटी नोंदी आणि फायली मोजून ताळा घे. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत काम कुणाच्या हाती देऊ नकोस.

तुझा,
मामा