धनसाक

अंधेरीच्या पूर्वभागात पारशी लोकांची एक वसाहत आहे. तिचे नाव साल्सेट पारशी कॉलनी. साल्सेट म्हणजे आपले साष्टी. ज्या बेटावर अंधेरी वसली आहे, त्याच्या नावाचे हे फिरंगी जिभेवर घडलेले रूप. पारशी घरांत रविवारी दुपारी जो पदार्थ आवडीने रांधतात, तो धनसाक होय. 'धन' म्हणजे धान्य व 'साक' म्हणजे शाक, अर्थात भाजी. मांसाचा नावात उल्लेख नाही. पण त्यावाचून धनसाक होत नाही.

तूर, मसूर व मूग यांच्या डाळी, तांबडा भोपळा, दुधी, वांगी, मेथी, पुदिना आणि बकऱ्याचे मांस हे सारे मंद आचेवर शिजवितात. नंतर मांसाचे तुकडे बाजूस काढून डाळी व भाज्या इतक्या घोटतात की, त्यांतील भोपळा कोणता नि वांगे कोणते हे ओळखू येत नाही. डाळीनेच रस्सा दाट होतो; पीठ लावावे लागत नाही. चिंच मात्र अखेरीस घालावी. आंबटामुळे डाळ शिजण्यास विलंब लागतो. सोबत जळवलेल्या साखरेने तांबूस झालेला भात व कांद्याची कचुंबर असते.

पारशांचे पूर्वज इराण सोडून गुजरातेत संजाण येथे आले, अशी कथा इ. स. १५९९ मध्ये रचलेल्या 'किस्सा-ए-संजान' या फारसी काव्यात आहे. इराणात आजही मांस, हरभरे व पांढरा घेवडा एकत्र शिजवून 'आबगोश्त' नावाचा रस्सा करतात. धनसाकातील तूर मात्र भारतातली, आणि भोपळा तर मूळचा अमेरिकेतला!

या पदार्थाशी एक गंभीर रूढी निगडित आहे. घरात कोणी निवर्तल्यास तीन दिवस मांस वर्ज्य असते. मृताचा आत्मा तीन रात्री या जगातच राहतो व चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत पुलाकडे जातो, अशी श्रद्धा आहे. त्या चौथ्या दिवशी धनसाक करून मांसवर्ज्य सोडतात. दुःखितांना पुन्हा नित्याच्या जेवणाकडे आणणारे हे अन्न खरे पाहता अशुभ कसे म्हणावे? तरीही लग्न, नवजोत, वाढदिवस वा नवरोज या दिवशी ते कोणी करीत नाही. रविवारच्या जेवणाला ही आडकाठी नाही. शुभदिनी पांढरा भात, तुरीचे साधे वरण आणि मासळीचा पातिया असा बेत असतो. त्या वरणात मांस घालीत नाहीत.