मनुष्याचा जंत आणि डुकराचा जंत

मनुष्याच्या आंतड्यांत होणारा मोठा गोल जंत व डुकराच्या आंतड्यांत होणारा गोल जंत यांत नुसत्या डोळ्यांस भेद दिसत नाहीं. तथापि लिनीअस या पंडितानें १७५८ सालीं पहिल्यास 'अस्कारिस लुंब्रिकॉइडीस' हें नांव दिलें, आणि १७८२ सालीं दुसऱ्यास 'अस्कारिस सूम' हें निराळें नांव मिळालें. नांवें दोन, पण जाति दोन आहेत काय? शेतकऱ्यास हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. डुकराचा जंत मनुष्यास होत असेल, तर डुकरांच्या विष्ठेचें खत भाजीच्या वाफ्यांत घालण्यापूर्वीं विचार केला पाहिजे.

दाणा पाहून वाण ओळखतां आला नाहीं, तर त्याचे आनुवंशिक गुण पाहावे लागतात; तद्वत् शास्त्रज्ञांनीं या जंतांचीं जनुकें तपासलीं. १९९३ सालीं ग्वातेमाला देशासंबंधीं प्रसिद्ध झालेल्या शोधांत असें आढळलें कीं, मनुष्यें व डुकरें एकाच गांवांत राहत असूनही त्यांचे जंत निरनिराळ्या कुळांचे होते. उलटपक्षीं, १९९५ सालीं उत्तर अमेरिकेंतील व २००५ सालीं डेन्मार्कमधील रोग्यांचे जंत तपासतां ते डुकरांकडून आलेले दिसले. २०२० सालीं केनियांतील मनुष्यांच्या जंतांच्या समग्र जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यांत तर दोन्ही कुळांच्या संकराच्या खुणा मिळाल्या. शेजारच्या शेतांतील बाजरीचे दोन वाण फुलोऱ्यांत मिसळतात, तशांतलाच हा प्रकार होय.

यावरून आमचें म्हणणें असें कीं, नांवांतील भेदावर विसंबून राहूं नये. जंताची एक मादी दिवसास सुमारें २,००,००० अंडीं घालते. तीं ताज्या विष्ठेंत बाधक नसतात. ओलसर, उबदार जमिनींत कांहीं आठवड्यांनीं बाधक होतात, व पुढें वर्षानुवर्षें जगूं शकतात. म्हणजे विष्ठा जुनी झाली कीं निर्दोष झाली, हा समज घातक आहे.

डुकरांची विष्ठा कच्ची भाजीस घालूं नये. तिचें कंपोस्ट करून ढिगाच्या पोटांतील उष्णता ५५ अंश सेंटिग्रेडच्या वर कांहीं दिवस टिकूं द्यावी, व बाहेरचा थर आंत जाईल असा ढीग फिरवावा. कच्ची खावयाची भाजी नीट धुवावी. मुलांस जेवणापूर्वीं साबणानें हात धुण्याची संवय लावावी. घरीं कोणास जंत झाल्यास त्यास डॉक्टरांकडून औषध द्यावें, आणि त्याच सुमारास पशुवैद्यांकडून डुकरांसही द्यावें. एकालाच औषध देऊन दुसऱ्यास विसरणें म्हणजे बांधाच्या एकाच बाजूचें तण काढणें होय.