धुरकट वांगे, तीळ आणि चिमूटभर मीठ



मागे काही बायकांनी मला विचारले, "सिस्टर, तुम्ही दर वेळी हे खाऊ नका, ते खाऊ नका असं लिहिता. मग खायचं काय ते एकदा सांगा की!" तक्रार खरी आहे. म्हणून या वेळी खायच्याच पदार्थाविषयी लिहिते. भाजलेल्या वांग्याची तखिना घातलेली मऊ, तिखट, धुरकट चटणी. इथल्या प्रत्येक दुकानात ती डब्यात मिळते. पण ती घरी का करावी, कशी करावी आणि कोणी जपून खावी, हे मला सांगायचे आहे. त्याआधी माझी एक चूक सांगते.

मी तीसहून अधिक वर्षे नर्स होते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रोग्यांना "मीठ कमी करा" हे वाक्य मी किती हजार वेळा ऐकवले असेल, त्याचा हिशोब नाही. पुढे आमच्या ह्यांचेच हृदय कमजोर झाले. पाय सुजू लागले, रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायची पाळी आली. डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितले. मी नर्सच्या शिस्तीने घरी आले आणि मिठाची बरणी माळ्यावर टाकली. आमटीत मीठ नाही, भातात नाही, माशाच्या कालवणात नाही. लोणचे, पापड, ऑलिव्ह सगळे बंद.

पायांची सूज उतरली. पण माणूस जेवेनासा झाला. ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि "पोट भरलं" म्हणून उठायचा. मी वजनाच्या काट्याकडे पाहून खूश होते, कारण सुरुवातीला उतरले ते पाणी होते. नंतर उतरत होते ते मांस होते, हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले. मनगटावरचे घड्याळ कोपराकडे सरकायला लागले तेव्हा मी घाबरले. आहारतज्ज्ञ बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही मीठ काढलंत. त्याच्या बदल्यात काय दिलंत?"

मला उत्तर देता आले नाही. तीस वर्षे मी रोग्यांनाही ते सांगितले नव्हते.

उत्तर मिळाले ते शेजारच्या म्हाताऱ्या इराकी बाईंकडून. एका शुक्रवारी आमच्या जिन्यात वांगे भाजल्याचा वास सुटला. हे खोलीतून म्हणाले, "कोण भरीत करतंय?" कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून खाण्याची गोष्ट काढली नव्हती. मी वाटी घेऊन शेजारी गेले. त्यांचे भरीत आपल्यासारखे कांदा-खोबऱ्याचे नव्हते, त्यात तखिना होती. ह्यांनी त्या दिवशी सबंध भाकरी खाल्ली.

धुराने आणि आंबटाने काय होते?

वय वाढले की जिभेपेक्षा नाक आधी थकते. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला बराच भाग खरे तर वास असतो. काही औषधांनी तोंड कोरडे पडते, काहींनी चव बदलते. त्यात मीठ काढले की जेवण ओल्या कागदासारखे लागते. माणूस मग चहा-बिस्किटावर राहतो आणि अंगातली ताकद जाते. म्हातारपणी ताकद गेली की पडणे आले, आणि पडणे म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून मीठ कमी करताना चार गोष्टी वाढवायच्या: धुरकट वास, लिंबाचा आंबटपणा, थोडा तिखटपणा आणि लसूण-जिऱ्यासारखा मसाला. या चटणीत चारही आहेत. शिवाय ती मऊ आहे, कवळीवाल्यालाही खाता येते. कमी मिठाची सवय व्हायला जिभेला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस तिला असा आधार द्यावा लागतो.

दुकानातल्या डब्यात काय असते ते पाहा. डब्यावर 'नत्रान' म्हणजे सोडियम शंभर ग्रॅममागे किती मिलिग्रॅम आहे ते लिहिलेले असते. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि पाव, चीज, ऑलिव्ह यांतले मीठही त्यातच धरायचे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला डॉक्टर याहून कमीही सांगतात. 2020 सालापासून इथे जास्त मिठाच्या मालावर लाल खूण छापतात. डोळ्यांना बारीक अक्षरे दिसत नसली तर निदान ती खूण पाहा.

तीळ आपल्याला परका नाही

तखिना म्हणजे तिळाचे वाटण. कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत. ते घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. अशा लोकांच्या नातवंडांना तीळ नवा कसा असेल? आणखी एक गोष्ट आहे. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून आपल्या आया-आज्या कालवण दाट करायला नारळाचे दूध घालायच्या. तखिना तेच काम करते. दह्याचे भरीत खलावी झाले, तखिनाचे पारवे राहते. शब्बाथच्या मटणाच्या जेवणातही ते चालते.

वांगेही या देशात जुने सोबती आहे. 1949 नंतरच्या त्सेनाच्या काळात, म्हणजे रेशनिंगच्या वर्षांत, मांस दुर्मिळ होते. तेव्हा लोक वांग्यालाच चिरलेल्या कलेजीची चव आणून खात.

साहित्य (सहा जणांसाठी)

दोन मध्यम वांगी, मिळून सुमारे 800 ग्रॅम. चार मोठे चमचे कच्ची तखिना, साधारण 60 ग्रॅम. दोन ते तीन मोठे चमचे लिंबाचा रस. लसणीची एक पाकळी. अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. अर्धी हिरवी मिरची, बिया काढून. थोडी कोथिंबीर. मीठ पाव चहाचा चमचा, जास्त नाही. वरून घालायला एक चमचा ऑलिव्ह तेल.

पाव चमचा मीठ म्हणजे साधारण दीड ग्रॅम. सहा जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला पाव ग्रॅम येते.

कृती

वांगी काळी, तुकतुकीत आणि आकाराच्या मानाने हाताला हलकी लागणारी घ्या. ती धुऊन कोरडी पुसा आणि काट्याने पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर वाफ कोंडून वांगे फुटते. गॅसच्या मध्यम ज्योतीवर ठेवून चिमट्याने फिरवत राहा. पंधरा-वीस मिनिटांत साल करपते आणि वांगे खाली बसते. देठाजवळ दाबून पाहा. तिथे मऊ लागले तरच आत शिजले असे समजा.

वांगी चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. कडवट पाणी गळून जाते. मग साल काढा. नळाखाली धरू नका, सगळा धुराचा वास पाण्याबरोबर जातो. बोटे ओली करून सोला. करपलेले तुकडे काढून टाका, एखादा ठिपका राहिला तर बिघडत नाही. गर सुरीने चिरा किंवा काट्याने मोडा. मिक्सरमध्ये फार फिरवला तर खळ होते.

दुसऱ्या भांड्यात तखिना, लिंबाचा रस आणि ठेचलेली लसूण घ्या. ढवळताच तखिना घट्ट गोळा होईल. घाबरू नका, नासली नाही. तिच्यात तेल आहे, म्हणून थोड्या पाण्याने ती आवळते. एकेक चमचा थंड पाणी घालत ढवळत राहा. तीन-चार चमच्यांत ती पांढरी आणि सायीसारखी होते. त्यात वांगे, जिरे, मिरची आणि मीठ घाला. फ्रिजमध्ये तासभर ठेवा आणि मगच चव पाहा. मिरवली की तिखट-आंबट वर येते. तरीही काही कमी वाटले तर आधी लिंबू पिळा, मीठ सर्वांत शेवटी.

येमेनी शेजाऱ्यांचे स्खुग घालायचे असेल तर घरी करा. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरे आणि जराशी वेलची, म्हणजे आपली हिरवी चटणीच. विकतच्यात मीठ पुष्कळ असते.

ज्योतीजवळ सांभाळा

ढगळ बाहीचा गाऊन किंवा ओढणी घालून गॅसपाशी उभ्या राहू नका. खिडकी उघडी ठेवा. वांगे ज्योतीवर असताना फोन आला तर आधी गॅस बंद करा. ज्यांना वास कमी येतो त्यांना गॅस गळाला तरी कळत नाही. अशा एकट्या राहणाऱ्यांनी ओव्हनच्या वरच्या ग्रिलखाली वांगी भाजावीत आणि घड्याळाचा गजर लावावा. तिथे चाळीस मिनिटे तरी लागतात, मध्ये एकदा उलटावी लागतात. धूर कमी वाटला तर दुकानात धुरावलेली पाप्रिका मिळते, तिची चिमूट पुरे. धुरासाठी निखारे मात्र घरात पेटवू नका. बंद खोलीत कोळशाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो.

कोणी जपून खावे?

रक्त पातळ करण्यासाठी कुमादिन घेणाऱ्यांनी कोथिंबीर आणि पेत्रोझिलियाचे प्रमाण रोज सारखेच ठेवावे. त्यांत व्हिटॅमिन के असते. चमचाभराने काही होत नाही, पण आज काही नाही आणि उद्या मूठभर असे केले तर आयएनआर हलतो. नव्या प्रकारच्या काही गोळ्यांना हे पथ्य नसते. तुमची गोळी कोणती ते कुपत खोलीमच्या नर्सला विचारा.

मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांनी तखिनाचे प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावे. आणि सगळ्यांनीच ऐका: 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून जे विकतात, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

तीळ पौष्टिक आहे, पण हलका नाही. एका मोठ्या चमचाभर कच्च्या तखिनात जवळजवळ नव्वद कॅलरी असतात. वजन घटत असेल त्याने एक चमचा जास्त घालावा, वाढत असेल त्याने वांगे वाढवावे. छातीत जळजळ होणाऱ्यांनी मिरची सोडून द्यावी आणि रात्री उशिरा खाऊ नये. गिळायला त्रास होणाऱ्यांनी चटणी पातळ करावी, सरळ बसून लहान घास घ्यावा. घट्ट तखिना टाळूला चिकटते. आणि नातवंडे जेवायला आली तर आधी विचारा. तिळाची अॅलर्जी इथल्या मुलांत दिसते, आणि एका चमच्यानेही श्वास कोंडू शकतो.

वाढणे आणि ठेवणे

पसरट बशीत चटणी घालून चमच्याने मध्ये खळगा करा आणि त्यात ऑलिव्ह तेल सोडा. पित्यापेक्षा तांदळाची भाकरी बरी, कारण भाकरीत मीठ घालावेच लागत नाही. काकडीचे तुकडे, उकडलेला बटाटा किंवा अंडे यांबरोबरही छान लागते. प्रत्येकाला वेगळ्या वाटीत वाढा. सगळ्यांनी एकाच बशीत भाकरी बुडवली की उरलेली चटणी टिकत नाही.

गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी केली तर शब्बाथला थंडच खाता येते, काही पेटवावे लागत नाही. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आपल्या इथल्या उन्हाळ्यात एकच तास. फ्रिजमध्ये झाकून तीन दिवस. डब्यावर केल्याचा वार लिहा. "वास घेऊन पाहते" हा आपल्या वयात भरवशाचा उपाय नाही.

वांग्याने हृदय बरे होत नाही, हे मी नर्स म्हणून स्पष्ट सांगते. ह्यांच्या गोळ्या तशाच चालू राहिल्या, रोज सकाळी वजन करणे चालू राहिले. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना फोन करायचा हा नियमही राहिला. पण ते पुन्हा टेबलाशी बसून जेवू लागले. त्यानंतर आम्हाला चार वर्षे मिळाली. दर शुक्रवारी वांगी मी भाजायची आणि साल ते काढायचे.

तेव्हा तुमच्या घरात कुणाचे मीठ कमी केले असेल, तर आज त्याच्या ताटाकडे पाहा. अर्धे अन्न उरते आहे का? उरत असेल तर रागावू नका. मिठाच्या बदल्यात आपण काय दिले, ते स्वतःला विचारा.

प्रकृती सांभाळा. शब्बाथ शालोम.